अर्धं तिकीट, अख्खा दिवस

‘जरा जाऊन येतो’ हे मराठीतलं एक फार सुंदर वाक्य आहे. कुठं, कशाला, कुणाबरोबर, किती वाजता परत... यातलं काहीच त्यात नसतं. चपला पायात सरकवता सरकवता ते म्हटलं जातं आणि पुरतं ऐकू येईपर्यंत म्हणणारा फाटकाबाहेर असतो. घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. आता याच वाक्याचं स्त्रीलिंगी रूप करून बघा. ‘जरा जाऊन येते.’ व्याकरण अगदी बिनचूक! पण घरात लगेच प्रश्नांची रांग लागते. कुठं? आत्ता? काय काम काढलंस? स्वयंपाक झालाय का? आणि शेवटी, ‘येताना कोथिंबीर आणशील?’

म्हणजे बाईनं बाहेर पडायला हरकत नसते बरं का! आजकाल तर मुळीच नसते. फक्त त्याला निमित्त लागतं. भाजी, बँक, दवाखाना, पालकसभा, लग्न, बारसं, भेटायला जाणं, समाचाराला जाणं. ‘सहज’ हे निमित्त मात्र अजून आपल्या यादीत चढलेलं नाही.

आपल्या आज्या-पणज्या याबाबतीत आपल्यापेक्षा हुशार होत्या असं मला नेहमी वाटतं. निमित्ताशिवाय सोडत नाहीत ना, मग निमित्तांचं पंचांगच त्यांनी भरून टाकलं! नागपंचमीला वारुळाला जायचं, मंगळागौरीला रात्रभर जागायचं, संक्रांतीत महिनाभर घरोघरी हळदीकुंकू. आमच्या साताऱ्याकडं तर देवांनी मोठीच सोय केलेली. माहुलीचा संगम, पालीचा खंडोबा, औंधची यमाई, शिखर शिंगणापूर. देवाला जायचं म्हटलं की सासरा काय आणि नवरा काय, ‘नको’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. भक्ती खरी होतीच, त्याबद्दल शंका नाही. पण देवळात पंधरा मिनिटं आणि वाटेत सहा तास, हा हिशेबही खरा होता. त्या सहा तासांत बांगड्या भरून व्हायच्या, उसाचा रस पिऊन व्हायचा आणि मुख्य म्हणजे पोटातलं सगळं बोलून व्हायचं.

आता एक नवं निमित्त आपल्या पदरात पडलंय. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्या सगळ्यांनाच, बाई असो की पुरुष, एसटीचा प्रवास मोफत झाला होता. एसटी आपली जुनी सोयरी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी सुटली. तेव्हापासून माहेरवाशिणीला माहेरी न्यायचं काम ती इमानानं करतेय. आता तर पुष्कळ गाड्यांत तिकीट फाडणारीही बाईच असते. (‘फाडणारी’ म्हणायची सवय आहे आपली, नाहीतर ते तिकीट आता मशीनमधून चुटकन बाहेर येतं!)

अर्ध्या तिकिटावर विनोदही खूप झाले. ‘बायका उगाचच गाड्यांतून फिरायला लागल्या’, ‘घरात कुणी सापडेना’, ‘बसायला जागा मिळेना’... पारावर आणि मोबाईलवर हे फिरत राहिलं. नोकरीला जाणारी, कॉलेजला जाणारी, दवाखान्यात डबा पोचवणारी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गाठणारी अशा किती जणींचे रोजचे पैसे यात वाचतात, ते या विनोदवीरांच्या नजरेला पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा तर या सवलतीचा आधार आणखीच जाणवला. पण मला आज बोलायचंय ते त्या ‘उगाचच’ शब्दाबद्दल. माझं म्हणणं असं की, बायका उगाच फिरत असतील तर ती या सवलतीतून निघालेली सगळ्यात गोड गोष्ट आहे!

श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही नऊ जणी अशाच उगाच निघालो. नऊ जणींचं एकत्र निघणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. तारीख ठरवायला तीन आठवडे गेले. एकीच्या मुलाची परीक्षा, एकीकडे पाहुणे, एकीच्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू (वय वर्षे शहात्तर) म्हणाल्या, ‘सगळ्यांची सवड बघत बसलात तर मी वर गेल्यावरच निघाल. शनिवारी सकाळी नऊला स्टँडवर. येतील त्या येतील.’ मग काय, सगळ्या आल्या! काकू, त्यांची सून, बँकेतून निवृत्त झालेल्या मॅडम, शाळेतल्या एक बाई, कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी, बचत गटातल्या दोघी जणी, वेळेवर कधीच न येणारी माझी एक मैत्रीण (ती त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर) आणि मी.

जायचं होतं लिंबला. साताऱ्याजवळच पुणे-बंगळुरू हायवे सोडून जरा आत गेलं की हे कृष्णाकाठचं गाव. तिथली बारा मोटेची विहीर बघायची, डबे खायचे आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी. एवढाच बेत.

गाडीत कंडक्टरताईंनी विचारलं, ‘किती जणी?’

‘आठ अर्धी आणि एक बिनपैशाचं,’ काकूंनी आधार कार्ड पुढं करत सांगितलं.

बँकेच्या मॅडमचा हिशेब तयारच होता. ‘म्हणजे नऊ बायका चार तिकिटांच्या पैशात!’

मागच्या बाकावरचे एक आजोबा मिस्कीलपणे म्हणाले, ‘मजा आहे बुवा तुमची. सगळं फुकट!’ काकूंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. आपलं शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून पाकिटात ठेवत म्हणाल्या, ‘फुकट कसलं? पंचावन्न वर्षं हप्ते भरलेत चुलीपुढं बसून. आता पॉलिसी पिकली!’ अख्खी गाडी हसली. आजोबासुद्धा.

आता त्या विहिरीबद्दल. सातारकरांनी ती पाहिलेली नसेल तर आधी बघून या आणि लांबच्यांनी वाट वाकडी करून या. वरून पाहिली तर शिवपिंडीसारखा आकार, खोली सुमारे ११० फूट. पण नुसती विहीर नव्हे हं! रुंद दगडी पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की विहिरीच्या पोटातच छोटासा महाल आहे. नक्षीचे खांब, भिंतींवर कोरलेली शिल्पं, बसायला गार सावली आणि खाली हिरवंगार पाणी. वर बारा मोटा एका वेळी चालतील अशी बांधणी. आजूबाजूच्या आमराईला पाणी द्यायला ही विहीर बांधली, असं सांगतात. आणि बांधली कुणी? तिथं शिलालेख आहे. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये ही विहीर बांधवली. छत्रपती शाहू महाराजांचा तो काळ आणि वीरूबाईंना त्यांच्या घरात मोठा मान होता.

शाळेतल्या बाईंनी शके-सनाचा हिशेब मोठ्यानं करून दाखवला तेव्हा सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. तीनशे वर्षांपूर्वी एका बाईच्या नावानं पाच वर्षं काम चाललं होतं! मग शिवणकामवाल्या वहिनी म्हणाल्या, ‘आणि विहिरीत महाल काढलाय बघा. नुसती पाण्याची सोय नाही केली, बसायची पण केली. हे बाईलाच सुचणार!’ इतिहासाच्या अभ्यासकांना हे पटेल की नाही देव जाणे, आम्हाला मात्र शंभर टक्के पटलं.

काकूंना तर कंठच फुटला. मोट म्हणजे काय, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना नुसतं पुस्तकातलं माहीत. काकूंनी ती बालपणी चालताना पाहिलेली. बैल उतरणीवरून खाली जातात ती धाव, पाणी येऊन पडतं ते थारोळं, नाडा कसा ओढला जातो, सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. ‘मोटेवर गाणी म्हणायचे ते गडी,’ त्या म्हणाल्या. ‘पण तिकडं रानात दारं कोण धरायचं? माझी आई. गुडघाभर चिखलात. तिचं गाणं काही कुणी लिहून ठेवलं नाही.’ त्यांची सून लग्नाला बावीस वर्षं झालेली. ती म्हणाली, ‘आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.’ काकू म्हणाल्या, ‘तू कधी बसलीस माझ्याजवळ? आणि मी तरी कधी बसले?’ एकाच घरात, एकाच ओट्यापाशी बावीस वर्षं! त्यांना एकमेकींजवळ बसायला घरापासून इतक्या लांब विहिरीत यावं लागलं.

त्या महालात आणखी एक शोध लागला. तिथं मोबाईलला रेंज नव्हती! तोपर्यंतच्या वाटेत आमचे फोन एकसारखे वाजत होते. ‘हिंगाची डबी कुठाय?’, ‘कुकरच्या किती शिट्ट्या?’, ‘माझा निळा शर्ट?’ एकीच्या घरून तर ‘गॅसवाला आलाय, काय सांगू?’ असा फोन आला. गॅसवाल्याला काय सांगणार, ‘सिलेंडर दे’ म्हणायचं! पण विहिरीत उतरलो आणि सगळं शांत. वर आलो तेव्हा मिस्ड कॉल्सचा ढीग होता. आणि गंमत म्हणजे एकाही घरात काही अडलं नव्हतं. हिंग सापडला होता, शर्टही सापडला होता, कुकर व्यवस्थित उतरला होता. माझ्या मैत्रिणीचा चेहरा मात्र थोडा उतरला. ‘म्हणजे माझ्यावाचून काहीच अडत नाही?’ बँकेच्या मॅडमनी तिची समजूत काढली, ‘अगं, अडत नाही हीच तर चांगली बातमी. आता पुढच्या महिन्याची तारीख ठरव.’

बाकी गमतीजमती व्हायच्या तशा झाल्याच. पायऱ्या चढताना शाळेतल्या बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. एका मिनिटात सात सेफ्टीपिना पुढं आल्या. कुणाच्या बांगडीतून, कुणाच्या मंगळसूत्रातून, कुणाच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून. तीन पिनांवर ती चपल घरापर्यंत सुखरूप आली. डबे उघडले तेव्हा श्रावणी शनिवारवाल्यांची साबुदाण्याची खिचडी एकीकडे, पिठलं, भाकरी, खर्डा दुसरीकडे. थोड्याच वेळात खिचडीवाल्यांची नजर खर्ड्यावर आणि खर्डेवाल्यांचा हात खिचडीत!

पण खरी गोष्ट मला सांगायचीय ती बचत गटातल्या आमच्या एका ताईची. त्या चार घरी धुणीभांडी करतात. त्यांचं माहेर लिंबपासून जेमतेम काही कोसांवर. तरी ही विहीर त्यांनी कधी पाहिली नव्हती. लहानपणी ‘पोरीच्या जातीनं विहिरीकडं जायचं नाही’ आणि मोठेपणी सवड नाही. या शनिवारची रजा मागायला त्या एका घरी गेल्या, तेव्हा तिथल्या बाईंनी काळजीनं विचारलं, ‘का गं, कोण आजारी आहे?’

‘कुणी नाही.’

‘मग कुणी गेलं का?’

‘नाही. फिरायला चाललेय.’

‘समोरच्या बाई गप्पच झाल्या,’ त्या आम्हाला सांगत होत्या, ‘मी दुसऱ्याच भाषेत बोलल्यासारख्या बघत राहिल्या.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘मला पण सांगताना लाज वाटली. आजारी आहे म्हणलं असतं तर सोपं गेलं असतं. पण म्हणलं, खोटं कशाला बोलायचं? मी काय चोरी करायला चाललेय?’

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी मात्र मला थांबावंसं वाटतं. रजेसाठी घरात कुणाला तरी आजारी पाडावं लागतं किंवा मारावं लागतं, हे काय आहे? आपण आपल्या घरात ‘मलाही थोडा वेळ हवाय’ म्हणतो, ते योग्यच आहे. पण आपल्याकडं काम करणारी बाई तेच म्हणाली तर आपल्या कपाळावर आठी पडते का, हेही तपासायला हवं. तिनं महिन्यातून एक दिवस ‘सहज’ म्हणून मागितला तर तो तिला पगारी मिळायला हवा. त्या दिवसाची भांडी घरातले चार जण मिळून घासतील. झिजणार नाहीत!

वेळेचं म्हणाल तर सरकारनंच तो घड्याळ लावून मोजलाय. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की, घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात जातात. म्हणजे पाच तासांना फक्त अकरा मिनिटं कमी. आणि पुरुषांची? ८८ मिनिटं. तीसुद्धा जे घरकाम करतात त्यांचीच सरासरी. जे करतच नाहीत ते या हिशेबात नाहीत! या २८९ मिनिटांना ना रविवार, ना दिवाळी. उलट दिवाळीत ती वाढतात. मग महिन्यातून एका दिवशी एखादी बाई त्यातून उठून एसटीत जाऊन बसली, तर ते ‘उगाच’ कसं? तिच्या हक्काच्या सुट्टीची ती उशिरा आलेली थकबाकी आहे.

आणि एक अडचण बोलायलाच हवी, जी बोलायला आपण उगीच संकोचतो. बाहेर पडताना आम्ही नऊही जणींनी सकाळपासून पाणी जपून प्यायलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांचं तेच. कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही याची खात्री नसते. मिळालं तर दाराला कडी असेल की नाही, याची नसते. काकूंसारख्या वयाच्या बाईला, मधुमेह असलेल्या बाईला, पाळी सुरू असलेल्या मुलीला हे किती जड जातं! अनेक जणी ‘मी नाही येत गं, तुम्ही जा’ म्हणतात, त्यामागचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. मुंबईत २०११ पासून स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली, बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मागितल्या. तेव्हा लोक नाव ऐकून हसले. पण मागणी हसण्यासारखी नव्हती. तीच मागणी आपल्या तालुक्याच्या गावी, बाजारात, हायवेच्या फाट्यावर, पर्यटनाच्या जागी आपण लावून धरायला हवी. अर्धं तिकीट बाईला गाडीपर्यंत आणतं. पुढं तिला दिवसभर निर्धास्त फिरता यायचं असेल तर चार भिंती, एक कडी आणि एक नळ लागतो. ग्रामसभेत, नगरपालिकेत हा विषय मांडताना खाली बघून बोलू नका. सरळ बोला.

आता तुमच्यातल्या कुणाला निघायचं असेल तर आमच्या अनुभवाचे चार शब्द. पहिल्या खेपेला लांबचा बेत करू नका. एसटीनं तासाभरात पोचता येईल आणि उजेडी परतता येईल अशी जागा निवडा. प्रत्येक तालुक्यात एखादं जुनं मंदिर, गढी, धरण, नदीचा घाट, एखादी बारव असतेच. आपल्या उशाला असलेलं आपणच बघितलेलं नसतं. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. तारीख ठरवताना सगळ्यांच्या सवडीची वाट बघू नका, काकूंचं सूत्र पाळा. गटात एक तरी सत्तरीपुढची बाई आणि एक तरी कॉलेजातली मुलगी घ्या, गप्पांना खोली येते. जिला पैशाची अडचण आहे तिचं तिकीट कुणी काढलं, याची चर्चा करू नका. घरी परवानगी मागू नका, कल्पना द्या. या दोन वाक्यांत फक्त आवाजाचा फरक असतो, पण तो घरच्यांना बरोबर कळतो.

आणि हो, स्वयंपाक करून ठेवून जाऊ नका. तांदूळ कुठल्या डब्यात आहेत एवढं सांगा. पहिल्या महिन्यात खिचडी करपेल, दुसऱ्या महिन्यात बरी होईल, तिसऱ्या महिन्यात तुम्हाला दारातच ऐकायला मिळेल, ‘हात धुऊन या, पानं घेतलीत.’ आमच्यातल्या एकीकडं हे खरंच घडलंय. कुणाकडं ते सांगणार नाही, नाहीतर त्या भल्या माणसाला गल्लीतले बाकीचे पुरुष सुखानं जगू देणार नाहीत!